गाव सोडलेल्यांचा इतिहास कोण लिहिणार?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त सात रस्ता, सोलापूर येथे केलेले भाषण)



समितीने आम्हाला 'स्थलांतर, संशोधन आणि आपला समाज' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. नाव ऐकून हा विद्यापीठातला विषय वाटेल, पण तो आपल्या घरातलाच आहे. इथे बसलेल्यांपैकी किती जणांचे पणजोबा सोलापुरात जन्मले? फार थोड्यांचे. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी निघाली. तिलाच आपण जुनी मिल म्हणतो. त्यानंतर गिरण्या वाढल्या, रेल्वेत कामं निघाली आणि खेड्यापाड्यातून माणसं आली. काही पोटासाठी आली, तर काही येसकरकी आणि मेलेली ढोरं ओढण्याचं काम कायमचं टाकून आली. आज आपली मुलं पुण्याला, बंगळूरला, दुबईला, लंडनला जातात. म्हणजे स्थलांतर अजून संपलेलं नाही.

पण माणूस गाव सोडतो, तेव्हा जात गावातच राहते का? गिरणीच्या काळात याचं उत्तर मिळालं होतं. विणकाम खात्यात धोट्यातलं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. म्हणून जास्त मजुरीचं ते खातं आपल्या माणसांना बंद होतं. मुंबईच्या गिरण्यांतील हा अन्याय बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात जाहीरपणे मांडला होता. यंत्र विलायती होतं, पण विटाळ आपला देशीच होता!

समुद्र ओलांडला तर काय होईल, हेही फार पूर्वी सांगून झालेलं आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत शिकत असताना त्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. हिंदू माणसं जगभर जाऊन राहिली तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल, असा विचार त्यात होता. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला, त्यात त्यांनी याच विचाराचा दाखला दिला. त्यावेळी बाबासाहेबांना नुकतंच पंचविसावं वर्ष पूर्ण झालं होतं.

आता संशोधन म्हणजे काय, ते एका आयुष्यावरून सांगतो. एलिनॉर झेलियट या बाई १९२६ साली अमेरिकेत एका क्वेकर कुटुंबात जन्मल्या. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला लहानसा, शांततावादी पंथ. म्हणजे बाई स्वतःच अल्पसंख्य पंथातल्या. १९६० नंतरच्या दशकात त्या पुण्यात येऊन राहिल्या. तेव्हा धर्मांतराला दहा वर्षंही झाली नव्हती. बाईंनी जुन्या कार्यकर्त्यांना गाठलं, त्यांच्या आठवणी ऐकल्या, जुनी पत्रकं आणि वर्तमानपत्रं वाचली. आपला समाज गावकीतून पलटणीत, रेल्वेत, गिरणीत, दारूगोळ्याच्या कारखान्यात कसा गेला आणि त्या बाहेर पडण्यातून चळवळीला बळ कसं आलं, हे त्यांनी मांडलं. १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना त्यावर पीएच.डी. दिली. पुढे १९९७ पर्यंत त्यांनी कार्लटन महाविद्यालयात शिकवलं आणि आपल्या दलित कवींना इंग्रजी वाचकांपर्यंत नेलं. २०१६ साली त्यांचं निधन झालं. सबंध हयात त्यांनी आपला इतिहास ऐकण्यात आणि लिहिण्यात घालवली.

त्यांच्या अभ्यासाला आपल्या माणसांची साथ होती. नागपूरचे वसंत मून यांनी बाबासाहेबांचे कागद जपले, शासनाच्या ग्रंथमालेचं संपादन केलं आणि स्वतःच्या मोहल्ल्यावर 'वस्ती' हे पुस्तक लिहिलं. ते इंग्रजीत गेल ऑम्व्हेट यांनी नेलं, प्रस्तावना झेलियटबाईंनी लिहिली. विद्यापीठातली विद्वत्ता आणि वस्तीतली आठवण एकत्र आली, तेव्हा ते पुस्तक जगापुढे गेलं.

आता आमची एक चूक कबूल करतो. आम्ही उभयता मुलाकडे विलायतेला गेलो होतो. तिथे आपल्याकडच्या कुटुंबांचा मेळावा भरला होता. एका बाईंनी गोड बोलून विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले? म्हणजे कोणापैकी?" आमच्या मंडळींनी लगेच विषय बदलला. घरी आल्यावर आम्हीच मुलाला म्हणालो, "बाबा रे, इथे कशाला सांगायचं? आपण आपलं शांत राहावं." पुढे एक विद्यार्थिनी तिच्या अभ्यासासाठी प्रश्नावली घेऊन आली. परदेशात जातीचा अनुभव येतो का, असा प्रश्न होता. मुलाने आमच्याकडे पाहिलं आणि 'नाही' लिहिलं. ती मुलगी आभार मानून निघून गेली. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. मुलाला गप्प बसायला आम्हीच शिकवलं होतं. आता त्या कागदावर भेदभाव 'नाही' असाच नोंदला जाणार होता.

ही साधी गोष्ट नव्हे. ब्रिटिश सरकारने एका संशोधन संस्थेकडून अभ्यास करवून घेतला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांनी तिथे जातिभेद आढळतो असं दाखवलं. २०१३ साली संसदेने जात हा शब्द समतेच्या कायद्यात आणायचं ठरवलं, पण २०१८ साली सरकारने वेगळ्या तरतुदीची गरज नाही म्हणून ते सोडून दिलं. उलट अमेरिकेत सिॲटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदाला बंदी घातली. ज्यांनी पुढे येऊन आपले अनुभव सांगितले, त्यांच्यामुळे ते झालं. बोलणाऱ्याची साक्ष होते. गप्प बसणाऱ्याचा 'नाही' विरोधकांच्या कामी येतो.

आणि परदेशातले आपले बांधव नुसतं सोसतात असंही नाही. ब्रिटनमधल्या आंबेडकरी व बौद्ध संघटनांच्या महासंघाने १९९५ साली कोलंबिया विद्यापीठाला बाबासाहेबांचा अर्धपुतळा दिला. बाबासाहेब शिकत असताना लंडनच्या ज्या घरात राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलं. परक्या देशात मिसळायचं ते नाव लपवून नव्हे, नाव सांगून, हे या माणसांनी दाखवलं.

म्हणून वर्धापनदिनी आमचं मागणं तीन गोष्टींचं आहे. एक, घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. कोणत्या गावाहून आलो, कोणी आणलं, पहिली खोली कुठे मिळाली, हे विचारून वहीत लिहा. दोन, गिरणीचा पगाराचा कागद, जुना फोटो, धम्मदीक्षेच्या वेळचं पत्रक रद्दीत घालू नका. विहारात एक कपाट त्यासाठी ठेवा. तीन, एखादी मुलगी म्हणाली, "मला समाजशास्त्र शिकायचंय, आपल्या माणसांवर संशोधन करायचंय," तर "त्याने पोट भरतं का?" असं म्हणून तिला मोडू नका. डॉक्टर, इंजिनिअर हवेतच. पण आपल्याला मोजणारा, लिहिणारा माणूसही आपल्यातला हवा.

आम्ही मुलाला परवा फोन केला. म्हणालो, "पुन्हा कोणी विचारायला आलं तर खरं सांग." तो म्हणाला, "मी त्या मुलीला मागेच पत्र लिहिलंय." आमच्यापेक्षा तो पुढे गेला, याचा आनंद वाटतो. आपलीही मुलं अशीच पुढे जावोत, एवढं बोलून आम्ही थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!