डोकऱ्यांची आठवण हा आपला पुरावा आहे
(घोलवड येथील बैठकीत केलेले भाषण)



दारूवर आपण याआधी बोललो ते उधारीवर, मारहाणीवर. आज बोलायचे आहे ते आपल्या डोकऱ्या माणसांच्या आठवणीवर.

वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 2008 चे. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. आपल्याकडे कागद कुठला? असलीच तर दंडाची एखादी पावती, तीही वाळवीने खाल्लेली. पण नियम 13 सांगतो, दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसाची जबानी लिहून घेतली, तर तोही पुरावा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ही जमीन कोण कसतोय, राब कुठे भाजायचे, नागली-वरई कुठे व्हायची, हे डोकऱ्यांनाच ठाऊक.

एका पाड्यावर आम्ही जबानी लिहायला बसलो. बाबा रानातला एकेक मोह ओळखणारे. त्या दिवशी ओहोळाची बाजू त्यांनी दोनदा बदलली. सकाळची वेळ, बाबा प्यालेले नव्हते. आम्हाला काही कळेना. तेव्हा आया म्हणाली, "आज नाही प्याला, पण वीस वरसं रोज पितोय ना!"

तीच गोष्ट आहे. वय झाले की अंगातले पाणी कमी होते, तेवढीच दारू जास्त चढते. रोज पिणारा जेवत नाही. बी-1 जीवनसत्त्व पोटात जात नाही, गेले तरी दारू ते अंगाला लागू देत नाही. त्याच्यावाचून मेंदूचा आठवण धरणारा भाग मरतो. नशा उतरते, हे नुकसान मागे राहते. वेळेवर थांबले, नीट जेवले, औषध घेतले तर बरेचसे सुधारते.

देवाला धार द्यायला आमची ना नाही. पण आपल्या मोहाच्या फुलावर इंग्रजांनी कायदा लावला, घरची दारू गुन्हा ठरवली आणि आपल्याला दुकानात पाठवले. दुकानाच्या उधारीत कितीकांच्या जमिनी गेल्या. 1922 साली देवी आली तेव्हा इथल्या किनाऱ्यापासून सुरतेपर्यंत आदिवासींनी दारू-ताडी सोडली होती. म्हणजे सोडता येते. तेव्हा उधारीत जमीन गेली, आता विसरण्यात जायला नको.

म्हणून आपण ठरवू या. जबान्या आत्ताच लिहायच्या, उद्यावर ढकलायच्या नाहीत. सकाळी बसायचे, डोकऱ्यांना बांधावर न्यायचे. ते बाबाही बांधावर उभे राहिल्यावर बरेच बोलले. जे आठवेल तेच लिहायचे, आपण पदरचे घालायचे नाही. जबानीच्या दिवशी कोणी कोणाला पाजायची नाही.

आणि एक. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात कापतात, भास होतात, झटकेही येतात, जीव जाऊ शकतो. त्याला कोंडून ठेवू नका, भगताकडे थांबून वेळ घालवू नका, डहाणूच्या सरकारी दवाखान्यात न्या. विसरतो तो प्रत्येक जण दारूनेच विसरतो असेही नाही, दुसरे आजारही असतात. कोणाला बेवडा म्हणून हिणवू नका. त्याच्याच डोक्यात आपला सातबारा आहे.

जिंदाबाद!