पुस्तकांचे दुकान टिकेल काय?



आज मोबाईलवरून मागविलेले पुस्तक सवलतीत घरपोच येते. मग पुस्तकांच्या दुकानाची गरज काय, असे पुष्कळजण विचारतात. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली सुरू केलेला मुंबईचा स्ट्रँड बुक स्टॉल सवलतीसाठी प्रसिद्ध होता. तोही २०१८ साली बंद पडला. तेव्हा केवळ हळहळून भागणार नाही.

इंग्लंडमधील वॉटरस्टोन्स ही दुकानांची साखळी २०११ साली डबघाईला आली होती. जेम्स डाँट यांनी ती हाती घेतली. प्रकाशकांकडून पैसे घेऊन पुस्तके दर्शनी भागात मांडण्याची प्रथा त्यांनी बंद केली आणि निवडीचा अधिकार त्या त्या गावच्या दुकानातील माणसांना दिला. काही वर्षांत ती साखळी पुन्हा नफ्यात आली. याचा अर्थ असा की, दुकान स्वस्ताईत हरले तरी निवडीत जिंकू शकते.

हे आपल्याला नवे नाही. ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे केवढी गर्दी असते! नाव ठाऊक असलेले पुस्तक मोबाईलवर शोधता येते. नावही न ऐकलेली एखादी पुस्तिका मात्र अशा स्टॉलवर चाळतानाच हाती लागते. तालुक्याचे दुकान बंद झाले, तर वर्षाचे उरलेले दिवस आपल्या मुलांनी पुस्तके कोठे चाळावीत?

म्हणून दुकानदारांनी मोबाईलला शत्रू न मानता कामाला लावावे. नव्या पुस्तकांची यादी व्हॉट्सॲपवर पाठवावी, मागणी घ्यावी, खेड्यातील वाचकाला टपालाने पुस्तक धाडावे. जुनी क्रमिक पुस्तके परत घेऊन निम्म्या किमतीत गरजू विद्यार्थ्यांना द्यावीत. आठवड्यातून एक संध्याकाळ वाचक मंडळाला जागा द्यावी.

आपलेही कर्तव्य आहे. दुकानात पुस्तक चाळायचे आणि वीस-तीस रुपये वाचविण्यासाठी ते दुसरीकडून मागवायचे, असे चालले तर ते दुकान फार दिवस राहणार नाही. माझी संस्थेला नम्र सूचना आहे की, गुणवंतांची बक्षिसे आणि ग्रंथालयाची पुस्तके यापुढे गावातील दुकानातूनच घ्यावीत, आणि ती निवडायला विद्यार्थ्यांनाच पाठवावे. दुकानाला गिऱ्हाईक मिळेल आणि विद्यार्थ्याला पुस्तक निवडण्याची सवय लागेल.

जय भीम!