समजुतीचा कागद आणि हक्काची भरपाई

(कुपवाड येथे कामगार, लघुउद्योजक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



खंडेनवमीला या औद्योगिक वसाहतीत फिरण्याचा योग मला अनेकदा आला आहे. लेथ धुऊनपुसून लख्ख केलेले, प्रेसला झेंडूचा हार घातलेला, मालक आणि कामगार एकाच पंगतीला बसलेले. हे चित्र मला मनापासून आवडते. मात्र अशाच एका पूजेच्या दिवशी हार घातलेल्या प्रेसची संरक्षक जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. विचारले, तर उत्तर आले, "जाळी लावली की काम मंदावतं."

त्या उत्तराची किंमत मला पुढे एका घरात कळली. तीस वर्षांचा तरुण, उजव्या हाताचा अंगठा प्रेसखाली गेलेला. मालक काही दुष्ट नव्हता. त्याने स्वतःच्या गाडीतून त्याला रुग्णालयात नेले, बिलही भरले. पण रुग्णालयाच्या कागदावर लिहिले गेले, 'घरी कडबाकुट्टीत हात सापडून'. महिन्याभराने मुद्रांकावर सही घेतली गेली की पन्नास हजार मिळाले, यापुढे कोणतेही मागणे नाही. त्याच्या वडिलांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. "साहेब, सही झालीया. आता काय हुतंय का?"

होते. आज मी मुख्यतः तेच सांगायला उभा आहे.

कायद्याने दिलेली भरपाई सोडून देण्याचा करार कामगाराने केला, तरी त्या मर्यादेत तो करार रद्दबातल ठरतो. हे तत्त्व आजकालचे नाही. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १७ मध्ये ते होते. त्या काळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे ना. म. जोशी यांच्यासारखे लोक मोजकेच होते. तो कायदा १ जुलै १९२४ रोजी अमलात आला आणि शतकभर टिकला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण त्याचा गाभा संहितेत कायम आहे. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला, एवढे दाखवणे पुरेसे आहे.

"जाळी त्यानेच काढली होती," असे हमखास सांगितले जाते. कामगाराने जाणूनबुजून सुरक्षासाधन काढले असेल, तर मालकाला बचाव मिळतो, हे खरे. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर तो बचाव चालत नाही. आणि जाळीशिवाय काम करण्याची रीत कारखान्यानेच पाडली असेल, तर दोष एकट्या कामगाराच्या माथी कसा मारणार?

आता हिशेब पाहू. पत्रकाराला गणित येत नाही असा समज आहे. माझ्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. तरी हे गणित मी तीनदा तपासले. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. हिशेबात धरायच्या वेतनाची मर्यादा २०२० साली १५ हजार रुपये झाली. म्हणजे ९ हजार गुणिले २०७.९८, अर्थात १८ लाख ७१ हजार ८२० रुपये. अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी परिशिष्टात ३० टक्के धरली आहे. रक्कम झाली ५ लाख ६१ हजार ५४६. आणि कागदावर लिहिले होते पन्नास हजार!

परिशिष्टातला टक्का हा शेवटचा शब्दही नव्हे. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ला शंभर टक्के हानी मान्य केली. कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

कारखाना राज्य कामगार विम्याखाली असेल, तर मार्ग वेगळा. तिथे एकरकमी पैसे नाहीत. बरे होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के आणि पुढे अपंगत्वाच्या प्रमाणात दरमहा रक्कम, तीही आयुष्यभर. दोन्हीकडून मात्र घेता येत नाही. मालकाने वर्गणी थकवली म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. ठेकेदाराच्या माणसांचेही तसेच. "तो आमच्या हजेरीपटावर नाही," एवढे म्हणून मूळ मालक सुटत नाही. आधी त्याने द्यावे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावे.

वाटेवरच्या अपघाताचे काय? धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. आयुक्तांनी २००९ला ३ लाख २६ हजार १४० रुपये व्याजासह मंजूर केले. उच्च न्यायालयाने २०११ला ते रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी मूळ निर्णय पुन्हा कायम केला. कामावर जाता-येतानाचा अपघात, वेळ, स्थळ आणि परिस्थितीचा कामाशी संबंध जुळत असेल तर, कामाच्या ओघातलाच मानावा, असे न्यायालयाने सांगितले. नव्या संहितेत तर तशी स्पष्ट तरतूदच आहे. निकाल न्याय्य लागला, पण त्या घराने बावीस वर्षे वाट पाहिली.

इथे बसलेल्या उद्योजक बंधूंची अडचण मला कळते. दहा-बारा माणसांच्या कारखान्याला साडेपाच लाख एकदम काढणे सोपे नाही. म्हणूनच विमा हवा. अपघात लपवला, तर विमा कंपनीही हात वर करते. आणि भरपाई महिन्याभरात दिली नाही, तर वर १२ टक्के व्याज, शिवाय सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड.

त्या तरुणाच्या वडिलांना मी दोन गोष्टी सांगितल्या. तो मुद्रांक फाडू नका, तोच पुरावा आहे. कडबाकुट्टीत हात गेला तर कारखाना पन्नास हजार कशाला देईल? आणि दोन वर्षांची मुदत उलटण्याआधी वकील गाठा. म्हाताऱ्याने कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि विचारले, "सांगलीची पहिली एसटी किती वाजता हाय?"