टाच वळविताना

(मंडळाच्या महिला शाखेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या महिला शाखेने दादर येथे लोकरीचे पायमोजे विणण्याचा वर्ग काढावयाचे योजिले आहे आणि त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. ज्या मुंबईत पौषातही पंखा बंद करवत नाही तेथे लोकरीचे मोजे कोणासाठी, असे कोणी हसून विचारील. त्याचे उत्तर आपल्या घरांतच आहे. कुंची, टोपडे, झबले आणि इवलेसे पायमोजे यांवाचून आपल्याकडे बाळंतविडा पुरा वाटत नाही. मोठ्या माणसांचे मोजे मात्र आमच्या चाळीने प्रथम विणले ते १९६२ साली.

त्या वर्षी २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण झाले. दिवाळी तोंडावर आली होती. हिमालयात लढणाऱ्या जवानांजवळ पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळताच ठिकठिकाणच्या स्त्रिया सुया घेऊन बसल्या. गिरगावातील आमच्या चाळीची गॅलरीही दुपारी भरू लागली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. दोन्ही हातांवर लोकरीची लड ताणून धरावयाची, हे माझे काम.

उत्साह उदंड होता, विद्या मात्र अपुरी. मोज्याची नळी सर्वांना साधे, परंतु टाचेपाशी येऊन सगळ्या अडत. तेव्हा कोणीतरी खोताच्या वाडीतील एका ईस्ट इंडियन बाईंना बोलावून आणले. त्यांनी आमचा पहिला मोजा हाती घेतला, आत अंगठा घालून तळवा चाचपला आणि म्हणाल्या, “ही गाठ जवानाच्या टाचेखाली यायची. यावर तो चालणार कसा?” आईने मुकाट्याने तो मोजा उसवला. लोकर संपली तरी गाठ मारावयाची नाही, दोन्ही टोके विणीतच मुरवावयाची, हा पहिला धडा आम्हांस त्या दिवशी मिळाला.

दुसरा धडा टाचेचा. ६० टाक्यांचा मोजा असेल तर ३० टाके बाजूला ठेवावयाचे आणि उरलेल्या ३० वर ३० ओळींची पट्टी विणावयाची. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलावयाचा. मग ओळ पुरी न करता मधल्या टाक्यांपाशीच वळावयाचे आणि दर वळणापूर्वी दोन टाके एकत्र करावयाचे. असे करता करता ३० चे १८ उरतात आणि सपाट पट्टीला वाटीसारखी खोली येते. पट्टीच्या दोन्ही कडांवरून पंधरा-पंधरा टाके उचलले आणि बाजूचे ३० मिळविले म्हणजे ७८ होतात. मग एक फेरी सोडून एका फेरीत दोन टाके कमी करावयाचे. असे ९ वेळा केले की पुन्हा ६०!

तिसरा धडा बोटांकडचा. शेवटचे टाके शिवले तर शिवण बोटांना रुतते. म्हणून ते बोथट सुईने एकमेकांत असे ओवावयाचे की जोड हातालाही लागू नये. या जोडणीला इंग्रजीत लॉर्ड किचनेर यांचे नाव आहे. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले हे गृहस्थ पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे युद्धमंत्री होते.

हे सारे त्या बाईंनी एकीला शिकविले, तिने दुसरीला. २१ नोव्हेंबरला युद्ध थांबले, तरी ही विद्या चाळीत राहिली ती कायमची.

आता घरचीच एक गोष्ट सांगते. माझ्या सख्ख्या आत्याबाई तान्ह्या मुलांचे मोजे असे विणीत की त्यांची टाच कोठून सुरू झाली ते कळत नसे. ज्ञातीत त्यांचा मोठा लौकिक होता. विद्या वाटली की मान जातो, असे त्यांना वाटे. त्या दार लावून विणीत. आम्हीही कधी मनापासून विचारले नाही. त्या गेल्यानंतर पेटीत एक अर्धा मोजा निघाला, सुयांसकट. आई आणि मी तो किती वेळ पाहत बसलो. उसवून पाहावा तर तोही जावयाचा. तो आजही तसाच माझ्याजवळ आहे, आणि ती टाच आमच्या घरात कोणालाही येत नाही.

भगिनींनो, आज भ्रमणध्वनीवर विणकामाच्या हव्या तेवढ्या चित्रफिती पाहावयास मिळतात. त्या अवश्य पाहाव्यात. परंतु चित्रफीत आपल्या मोज्यात अंगठा घालून गाठ शोधीत नाही. त्यासाठी शेजारी माणूस लागते.

म्हणून कार्यकारिणीस माझ्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली, वर्गात जी जे शिकेल ते तिने निदान दोघींना शिकवावे आणि टाक्यांच्या हिशेबासह वहीत उतरवून ठेवावे. दुसरी सूचना काहींना रुचणार नाही, पण बोलणे प्राप्त आहे. या वर्गाच्या दारावर ज्ञातीची अट नसावी. जी टाच आपण आपली म्हणून शिकविणार आहोत, ती आमच्या चाळीत दुसऱ्या ज्ञातीच्या, दुसऱ्या धर्माच्या बाईंनी आणून दिली. आणि आपल्याच ज्ञातीतील जी होती, ती दार लावल्यामुळे गेली.