वर्गात येऊन बसा

वेळ थोडा आहे, म्हणून एकाच विषयावर बोलतो. तो विषय म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था, नॅक.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये नॅकची स्थापना केली. तिने महाविद्यालयांना स्वतःकडे पाहायला लावलं, हे मी मनापासून मानतो. ग्रंथालयाचं संगणकीकरण, निकालांचं विश्लेषण, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या ही कामं कितीतरी ग्रामीण महाविद्यालयांत नॅकच्या निमित्तानेच मार्गी लागली. म्हणून मूल्यांकन नकोच, असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण नॅकची तपासणी समिती, म्हणजे पिअर टीम, येण्याआधीचे महिने आठवा. सात निकष, प्रत्येकाच्या फायली, आणि वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख संगणकासमोर बसून चार वर्षांपूर्वीच्या वृक्षारोपणाचे जिओटॅग फोटो शोधताहेत. त्या वेळी त्यांचं प्रॅक्टिकल कोण घेतं? सीएचबीवरची, म्हणजे तासिका तत्त्वावरची, एक तरुण शिक्षिका. कांद्याच्या मुळाचं टोक काचपट्टीवर दाबून ती पेशीविभाजन दाखवते, आणि एका सूक्ष्मदर्शकापाशी अख्खी बॅच रांगेत उभी असते. तिला पैसे तासांवर मिळतात, सुट्टीत काहीच नाही, आणि बिल निघायला महिनोन्महिने लागतात. दुपारी तिला दुसऱ्या गावच्या कॉलेजात तास असतो. तरी प्रत्येक मुलाला गुणसूत्रं दिसल्याशिवाय ती वर्ग सोडत नाही. गुणवत्ता म्हणतात ती हीच, आणि आपल्या अहवालात तिला रकाना नाही.

मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, असा प्रश्न नॅक विचारते, योग्यच आहे. पण अनुदानित महाविद्यालयात पदभरतीची परवानगी शासन देतं. राज्यात हजारो पदं रिक्त आहेत. जागा शासनाने भरायच्या नाहीत आणि गुण महाविद्यालयाचे कापायचे, हा न्याय मला पटत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये लाच घेऊन श्रेणी दिल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या सदस्यांना अटक केली. आपल्या सगळ्यांनाच मान खाली घालावी लागली. त्याआधीच मूल्यांकनपद्धतीत सुधारणा सुचवणाऱ्या डॉ. के. राधाकृष्णन समितीने श्रेणींऐवजी ‘मान्यताप्राप्त की नाही’ असा निकाल द्यावा आणि भर ऑनलाइन माहितीवर असावा, असं सुचवलं होतं. श्रेणींची शर्यत थांबणार असेल तर मी स्वागत करतो. माझी भीती वेगळी आहे. भ्रष्टाचार टाळायचा म्हणून माणसांनी यायचंच बंद केलं, तर उरतील फक्त अपलोड केलेल्या पीडीएफ, आणि त्या सजवायला आपण एव्हाना चांगले शिकलो आहोत. तपासणी समितीने यावं, न कळवता यावं. सत्कार, जेवणावळी बंद कराव्यात. सरळ मागच्या बाकावर बसून एक तास ऐकावा, आणि विद्यार्थ्यांशी प्राचार्यांच्या गैरहजेरीत बोलावं.

दुपारच्या सत्रात माझ्याकडून दोन ठराव येतील. प्रत्येक महाविद्यालयाने मंजूर पदं, भरलेली पदं आणि सीएचबी शिक्षकांचं थकलेलं मानधन दर सहामाहीला संकेतस्थळावर जाहीर करावं, हा पहिला. रिक्त पदांची जबाबदारी मूल्यांकन अहवालात शासनाच्या नावावर नोंदवावी, हा दुसरा. दोन्हींवर मोकळेपणाने बोला, दुरुस्त्या सुचवा. मंजूर झाले तर ते घेऊन मी स्वतः मंत्रालयात जाईन.