शब्दांवांचून बुद्धीचें माप

ज्या मुलाला परीक्षकाची भाषा येत नाहीं, त्याची बुद्धि मोजावी कशी? फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनीं १९०५ सालीं बुद्धिमापनाची जी श्रेणी सिद्ध केली, तींत शब्दांचें प्राबल्य होतें. पुढें शब्दांना फांटा देणाऱ्या कसोट्या निघाल्या. जॉन रेव्हन यांची १९३८ ची कसोटी त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. रेखाकृतींच्या मांडणींत एक जागा रिकामी असते. खालच्या तुकड्यांतून तेथें बसणारा तुकडा मुलानें दाखवावयाचा, इतकेंच. आपल्याकडे भाटिया यांनीं १९५५ सालीं निरक्षर मुलांनाही देतां येईल अशी कृतिकसोट्यांची माला प्रसिद्ध केली.

भाषेचा अडसर गेला म्हणजे सर्व मुलें एका रेषेवर उभीं राहिलीं, असा समज यावरून सहज होतो. तो मात्र तपासून घ्यावयास हवा.

खोटा शेर दर वेळीं तेंच वजन दाखवितो. म्हणून कांहीं तो खरा ठरत नाहीं. तेंच मूल पुन्हां परीक्षेस बसलें आणि गुण जवळजवळ तेच आले, तर कसोटी विश्वसनीय म्हणावी. परंतु ते गुण बुद्धीचे कीं कागद, पेन्सिल व घड्याळ यांच्या संवयीचे, हा प्रश्न उरतोच.

रॉबर्ट सर्पेल यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतींत उद्बोधक आहे. झांबियांतील लुसाका व इंग्लंडांतील मँचेस्टर येथील मुलांना नमुना पाहून तसाच नमुना करावयास सांगितलें. कागदावर इंग्रज मुलें सरस ठरलीं. तारेच्या कामांत झांबियाचीं मुलें पुढें गेलीं. कारण तारेचीं खेळणीं करणें हा त्यांचा नित्याचा खेळ. मातीकामांत दोन्ही गट बरोबरीचे. केवळ कागदच पुढें ठेवला असता, तर लुसाकाचीं मुलें मंद ठरलीं असतीं!

जेम्स फ्लिन यांनीं १९८७ सालीं १४ देशांचे आंकडे मांडले. नेदरलँड्समध्यें रेव्हनच्या धर्तीच्या कसोटीवर १९५२ ते १९८२ या ३० वर्षांत तरुणांची सरासरी बुद्ध्यंकाच्या हिशेबानें सुमारें २० गुणांनीं वाढली. एका पिढींत वंश बदलत नाहीं. शाळा, घर व राहणी हीं बदलतात. याचाच अर्थ, निःशब्द आकृतींवरही परिस्थितीची छाया पडते.

मग या कसोट्या टाकाऊ समजाव्या काय? मुळींच नाहीं. बहिऱ्या मुलाची किंवा परप्रांतांतून नुकत्याच आलेल्या मुलीची झांकलेली कुवत त्या उघड करूं शकतात. मात्र सूचना मुलाला समजेल अशा रीतीनें द्याव्या, आधीं सराव करूं द्यावा, आणि तुलना सारख्याच परिस्थितींत वाढलेल्या मुलांशीं करावी. चांगले गुण हा कुवतीचा पुरावा मानावा. कमी गुण हा निकाल मानूं नये. मुलाला ‘मंद’ म्हणून वेगळ्या वर्गांत धाडण्यापूर्वीं त्याचें घर, त्याचे खेळ व त्याच्या शिक्षकांचा अनुभव हीं विचारांत घेतलींच पाहिजेत. कारण एकदां लागलेला तो शिक्का पुसण्यास त्याचें उभें बाळपण पुरत नाहीं.