‘रिझर्व्ह’ या शब्दाचे नाना अर्थ
(जठारपेठ, अकोला येथील पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



अकोला स्टेशनच्या खिडकीवर उभा असलेला माणूस इंग्रजीचे अक्षरही न शिकता ‘रिझर्व्हेशन’ म्हणतो. शब्द मूळचा लॅटिन. अर्थ एवढाच की, मागे राखून ठेवणे. परंतु काय राखावयाचे आणि कोणासाठी, हे जागोजागी बदलते. आपले मेळघाट १९७४ पासून वाघांसाठी रिझर्व्ह. न्यायाधीश निकाल राखून ठेवतात, म्हणजे तो नंतर देतात. अबोल माणूस रिझर्व्ड. आणि एखाद्या साहेबाने ‘आय हॅव रिझर्व्हेशन्स’ म्हटले, तर जागा मिळाली असे समजू नका, त्याच्या मनात किंतु आहे! रेल्वेच्या आर. ए. सी. मध्ये तर बसावयास जागा मिळते, निजावयास नाही.

आता नोकरी-शिक्षणातील राखीव जागा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला की, रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व मागासलेले, अशी त्यात व्याख्या होती.

पालकहो, गफलत पुढे आहे. २०१४ च्या वटहुकुमाने काही मुस्लिम समूहांना ५ टक्के आरक्षण दिले. उच्च न्यायालयाने ते शिक्षणापुरते चालू ठेवले, पण त्याचा कायदा झाला नाही आणि वटहुकूम संपला. तेव्हापासून ‘आपल्याला काहीच नाही’ असे घरोघर ऐकू येते. तसे नाही. पिंजारी, मोमीन अशा बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. मात्र रेल्वेचे रिझर्व्हेशन पैशाने मिळते, हे कागदाने. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ असते! मग चुलत आजोबांचा दाखला, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे जुने कागद धुंडाळावे लागतात. बारावीच्या निकालानंतर हे सुरू केले, तर पडताळणी होईपर्यंत प्रवेश आटोपलेले असतात. शिवाय उत्पन्नाचे, नॉन-क्रिमीलेअरचे प्रमाणपत्र निराळेच.

आपला मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत असेल, तर येत्या रविवारी घरातील जुनी पेटी उघडा. नोंद जुन्या उर्दूत असेल आणि लागत नसेल, तर शाळेत घेऊन या. आम्ही वाचून देऊ.